वेळ विकता, मग तसे सांगा!

पैसे मोजून रेडिओवरचा अर्धा तास विकत घ्यायचा. त्या अर्ध्या तासात स्वतःला अर्थतज्ज्ञ म्हणवून घ्यायचे, सोयीचे तेवढेच फोन जोडायचे, महागाईची भीती घालायची, मुलीच्या लग्नाची आठवण करून द्यायची आणि शेवटी एक मोबाईल नंबर तीनतीनदा सांगायचा. शनिवार-रविवारी रेडिओवर, टीव्हीवर आणि आता हातातल्या मोबाईलवर चालणारा हा धंदा सल्ल्याचा मुळीच नाही. ती निव्वळ जाहिरात आहे, आणि जाहिरात असल्याचे लपवून ऐकणाऱ्याच्या ठेवीवर डोळा ठेवणे ही उघड लूट आहे. आमचा रोख कुठल्या एका केंद्रावर नाही. ही प्रथाच मोडून काढली पाहिजे, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे.

भंडारा जिल्ह्यात पैसा कसा येतो ते पाहा, म्हणजे या लुटीचा घाव कुठे बसतो ते कळेल. तुमसर तालुक्यातल्या चिखला, डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणीत हयात घालवलेला मजूर निवृत्त होतो, तेव्हा त्याच्या पासबुकात पहिल्यांदाच लाखांचा आकडा उमटतो. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतल्या कामगाराचा फंड आणि ग्रॅच्युइटी अशीच एकरकमी हाती पडते. गोसीखुर्दच्या पाण्यात पवनीकडची गावे बुडाली, तिथल्या माणसांच्या हातात जमिनीच्या बदल्यात धनादेश आला. धानवाल्याला आधारभूत केंद्रावरचा चुकारा महिनोन्‌महिने वाट पाहून मिळतो, त्यावर २०२४-२५ च्या हंगामात हेक्टरी २० हजारांचा बोनस होता, तोही दोन हेक्टरांपर्यंतच. यातला बहुतेक पैसा आयुष्यात एकदाच येतो. तो गेला की पुन्हा येत नाही. जमीन गेलेल्या माणसाचा मोबदलाही गेला, तर त्याच्यापाशी उरते काय?

हा माणूस निर्बुद्ध नाही. दलाल दारात आला तर तो दहा प्रश्न विचारतो, गावात चौकशी करतो, पोराला विचारून सांगतो म्हणतो. पण तोच दलाल रेडिओतून बोलू लागला की त्याचा पवित्रा बदलतो. "रेडिओवर सांगतेत जी, मंग खोटं कसं राहीन?" आमच्या झाडीपट्टीतला कुणीही म्हातारा हेच म्हणेल, आणि त्यात त्याचा दोष नाही. नागपूर आकाशवाणी १९४८ पासून या मुलखाशी बोलते आहे. पावसाचा अंदाज, धानावरच्या तुडतुड्याचा उपाय, बाजारभाव, बातम्या हे सारे त्याच आवाजाने सांगितले आणि ते खरे निघाले. तीन पिढ्यांनी साठवलेला हा विश्वास कुण्या विक्री अधिकाऱ्याच्या मालकीचा नाही. तो अर्ध्या तासाच्या भावाने विकायचा अधिकार त्याला दिला कोणी?

भारतात रेडिओवर व्यापारी जाहिरात सुरू झाली ती १ नोव्हेंबर १९६७ रोजी, विविध भारतीच्या मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवरून. म्हणजे हा रस्ता आमच्या अंगणातूनच निघाला. ज्यांनी तो आखला त्यांना धोका दिसत होता. आकाशवाणीच्या जाहिरात संहितेत चिट फंड, सावकारी, खासगी बचत योजना, घोड्यांच्या शर्यतीच्या टिपा यांना मज्जाव आहे. जाहिरात बातमीच्या रूपात मांडू नये, असेही ती बजावते. खासगी एफएम केंद्रांना परवाना मिळतो तो हीच संहिता पाळण्याच्या अटीवर. या खासगी केंद्रांना स्वतःची बातमी देण्याची मनाई आहे, आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे लावायचे तेवढी मुभा. तालुक्यातली साधी बातमी ज्याला स्वतःच्या तोंडाने सांगता येत नाही, त्याने श्रोत्याला आयुष्याची पुंजी कुठे गुंतवायची ते सांगणाऱ्याला मात्र माईक भाड्याने द्यावा! ही कुठली नीती?

आणि कायदा? शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०१३ साली गुंतवणूक सल्लागारांसाठी नियमावली केली. नोंदणी सक्तीची केली, पात्रता ठरवली, पुढे सल्ला आणि कमिशनवरची विक्री यांची फारकत केली. चांगले केले. पण त्याच नियमावलीच्या व्याख्येत एक परंतुक घातले की वृत्तपत्र, मासिक किंवा प्रसारण माध्यमातून सर्वांसाठी दिलेला सल्ला हा या नियमांपुरता 'गुंतवणूक सल्ला' समजला जाणार नाही. म्हणजे एका माणसाला बंद खोलीत सल्ला द्यायला परवाना हवा, आणि सबंध वैनगंगेच्या खोऱ्याला एका दमात सल्ला द्यायला या नियमावलीचा परवाना नको! पुढच्याच वर्षी संशोधन विश्लेषकांचे नियम आले आणि शेअरची नावे जाहीरपणे सुचवणाऱ्यावर नोंदणीचे व हितसंबंध उघड करण्याचे बंधन पडले. पण गावाकडच्या माणसाला शेअर विकले जातात तरी किती? त्याला विकले जातात प्लॉट, 'दामदुप्पट' ठेवी आणि विमा. विम्याच्या पारंपरिक पॉलिसीत पहिल्या वर्षाच्या हप्त्याचा चौथा हिस्सा, कधी त्याहून जास्त, कमिशनात जातो. फुकट सल्ला देणाऱ्याचे पोट कशावर भरते, ते इथे आहे.

हे सारे कल्पनेतले भय म्हणणाऱ्यांनी जरा मागे वळून पाहावे. जानेवारी २०२१ मध्ये सेबीने सीएनबीसी आवाज वाहिनीच्या एका सूत्रसंचालकावर आदेश काढला. त्याने पडद्यावर शेअर सुचवण्याआधीच तेच शेअर त्याच्या पत्नीच्या आणि आईच्या खात्यावर घेतले जात, असा ठपका होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये झी बिझनेसवर येणाऱ्या पाहुण्या तज्ज्ञांवर तसाच आदेश निघाला. आमच्यापासून तासाभराच्या अंतरावरच्या नागपुरात २०१३ आणि २०१४ मध्ये श्रीसूर्या आणि वासनकर या गुंतवणूक कंपन्यांची प्रकरणे फुटली, तेव्हा विदर्भातल्या शिकल्यासवरल्या घरांतून हंबरडा उठला. ठेवी गोळा करणाऱ्या समृद्ध जीवन समूहाने तर 'मी मराठी' ही अख्खी वाहिनीच पदरी बाळगली होती. त्याच्या प्रमुखाला डिसेंबर २०१५ मध्ये अटक झाली. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये विल्यम गॅलाघर नावाचा 'मनी डॉक्टर' ख्रिस्ती रेडिओ केंद्रांवरून निवृत्तांना सल्ला देई आणि रविवारी चर्चमध्ये भेटू म्हणे. २०२१ मध्ये न्यायालयाने त्याला तीन जन्मठेपा ठोठावल्या. देश बदलला, भाषा बदलली, देवाचे नाव बदलले. सावज मात्र तेच, उतारवयातले भाबडे माणूस.

या सगळ्यात माध्यमाला कायदा कितपत धरतो? फारसा नाही. २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्यात अशा योजनेची जाहिरात छापणाऱ्याला सरकार सांगू शकते की त्याच जागी, फुकट, पूर्ण खुलासा छापा. ठेवीदार देशोधडीला लागला तरी जाहिरातीचे पैसे माध्यमाच्या तिजोरीत शाबूत. हे आम्हाला साफ नामंजूर आहे. मग तो रेडिओ असो, वाहिनी असो की वर्तमानपत्र.

म्हणून आमची मागणी अशी. विकलेल्या प्रत्येक कार्यक्रमाच्या आरंभी आणि दर खंडानंतर, त्याच निवेदकाने, सावकाश, मराठीत सांगावे की हा वेळ अमुक कंपनीने पैसे देऊन घेतला आहे आणि बोलणाऱ्याला तुमच्या गुंतवणुकीतून कमिशन मिळते. म्युच्युअल फंडाच्या जोखमीचा इशारा जसा एका श्वासात गिळून टाकतात, तसा नव्हे. कुणी म्हणेल, अशा घोषणेने काय होणार? अमेरिकेत तर प्रायोजक जाहीर करण्याचे बंधन १९३४ च्या कायद्यात आहे, तरी गॅलाघर निपजलाच. खरे आहे. म्हणूनच घोषणेवर थांबून चालणार नाही. बोलणाऱ्याचा नोंदणी क्रमांक सांगितल्यावाचून माईक सुरू होता कामा नये. ध्वनिमुद्रण जपले पाहिजे. आणि योजना बुडाली तर त्या कार्यक्रमातून कमावलेली पै न्‌ पै ठेवीदारांच्या हितरक्षणाच्या १९९९ च्या राज्य कायद्याखाली जप्त होऊन बुडालेल्यांच्या वाटणीत आली पाहिजे. केंद्रचालकाच्या खिशाला झळ बसली की वेळ विकण्याआधी गिऱ्हाइकाची कुंडली तोच तपासेल.

प्रसारभारती, माहिती व प्रसारण मंत्रालय आणि सेबी यांनी एकमेकांकडे बोट दाखवणे बंद करावे. भंडारा-गोंदियाच्या खासदारांनी हा प्रश्न संसदेत मांडावा. मँगनीजच्या रॉयल्टीवर बोलता येते, तसे मँगनीज काढणाऱ्याच्या फंडावरही बोलता येईल. जिल्हाधिकाऱ्यांना तर दिल्लीची वाट पाहण्याचे कारणच नाही. जिल्ह्यात ऐकू येणाऱ्या प्रत्येक केंद्राकडून आठवडाअखेरच्या विकलेल्या कार्यक्रमांची आणि ते विकत घेणाऱ्यांची यादी त्यांनी मागवावी, ती प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि प्रत्येक धान खरेदी केंद्रावर लावावी. हे काम यंदाचे चुकारे खात्यात पडायच्या आत झाले पाहिजे.