पंखांचे गणित कोणाच्या मालकीचे?

नवे ज्ञान काय ते खासगी उद्योग निर्माण करतो आणि सरकार त्यात केवळ अडथळे आणते, हा बाजारनिष्ठांचा लाडका सिद्धान्त आहे. विमानाच्या पंखांचा इतिहास मात्र निराळीच साक्ष देतो.

पंख म्हणजे ताठ फळी नव्हे. वाऱ्याच्या दाबाने तो वाकतो. वाकला की त्यावरून वाहणारा वारा बदलतो आणि बदललेला वारा त्याला पुन्हा वाकवतो. हे चक्र अनावर झाले की पंख फडफडून तुटतो. अमेरिकेत लॉकहीड कंपनीच्या दोन ‘इलेक्ट्रा’ विमानांचे हेच झाले. सप्टेंबर १९५९ मध्ये टेक्सासात ३४, तर मार्च १९६० मध्ये इंडियानात ६३ माणसे प्राणास मुकली. इंजिनाचा आधार दुबळा झाल्यावर प्रॉपेलर डगमगे आणि ती थरथर पंखच उखडून टाकी. या निदानात ‘नासा’ या सरकारी संस्थेच्या लँगली येथील वातबोगद्याचा मोठा वाटा होता.

पुढे हे गणित संगणकावर आले. विमानांच्या सांगाड्यावरील ताण मोजणारी ‘नॅस्ट्रॅन’ ही प्रणाली नासाने १९६० च्या दशकात जनतेच्या पैशातून घडवून घेतली आणि १९७१ साली सर्वांना उपलब्ध करून दिली. पंखांच्या फडफडीचे गणितही कालांतराने तीत समाविष्ट झाले. तिच्या उभारणीतील एक कंत्राटदार, मॅक्नील-श्वेंडलर कंपनी, स्वतःची आवृत्ती विकू लागली. १९९९ मध्ये तिने नॅस्ट्रॅन विकणारे दोन्ही प्रतिस्पर्धी विकत घेतले. अखेर अमेरिकेच्याच व्यापार आयोगाने २००१ मध्ये तिच्यावर मक्तेदारीचा आरोप ठेवला आणि २००२ च्या तडजोडीनुसार तिला प्रणालीची प्रत इतरांना द्यावी लागली. मुक्त स्पर्धा वाचविण्यासाठीही शेवटी सरकारच धावून आले!

कंपनीने प्रणालीत सुधारणा केल्या, हे खरे. त्या श्रमांचे मोल तिला जरूर मिळावे. परंतु पाया लोकांचा असताना इमारतीच्या दाराला कुलूप लावण्याचा अधिकार तिला कोणी दिला?

हा प्रश्न आपलाही आहे. बंगळूरच्या सरकारी वैमानिकी प्रयोगशाळेने १९८६ मध्ये वायुप्रवाहाची समीकरणे सोडविण्यासाठी ‘फ्लोसॉल्व्हर’ हा समांतर संगणक उभारला. परक्यांच्या परवान्यावाचून असे काम येथे होऊ शकते, हे त्याने दाखवून दिले. म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी: ज्या गणितावर प्रवाशांचे प्राण अवलंबून आहेत आणि ज्याचा खर्च जनतेने सोसला आहे, ते जनतेच्याच मालकीचे व तपासणीस खुले राहिले पाहिजे.