गाभण शेळ्या-मेंढ्यांच्या पोटातल्या पिल्लांसाठी मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्त, अमरावती

विषय : जन्मतः अपंग करडे-कोकरांची तपासणी, लस व नुकसानभरपाईबाबत

महोदय,

शेंदूरजनाघाट परिसरातील शेळी-मेंढीपालकांच्या संघटनेतर्फे हे मागणीपत्र सादर करीत आहोत.

शेळी पूर्ण दिवस भरून विते, पण करडाचे पुढचे पाय गुडघ्यात मुडपलेलेच असतात. ओढले तरी सांधा सरळ होत नाही. एखाद्याचे पाय धड असतात, पण ते मान मागे टाकून पडते आणि सड तोंडात दिला तरी चोखत नाही. असे पिल्लू मेले की मालक ते बांधावर पुरतो. कुणी ग्रहणाला बोल लावतो, कुणी बोकडाला. नोंद मात्र होत नाही.

तांब्याची कमतरता किंवा जवळच्या नात्यातले रेतन, हीही कारणे असू शकतात. म्हणूनच तपासणी हवी, कारण तिसरे कारण विषाणूचे आहे आणि ते पसरणारे आहे. जपानमध्ये 1972 ते 1975 या काळात अकाबाने विषाणूने हजारो वासरे अशी जन्मली. 2011 मध्ये जर्मनीत सापडलेल्या श्मालेनबर्ग विषाणूने युरोपभर कोकरांची हीच गत केली. निळ्या जिभेच्या रोगाचे काही प्रकारही गर्भाचा मेंदू पोखरतात, आणि हा रोग भारतात पहिल्यांदा नोंदला गेला तो 1964 मध्ये, आपल्याच महाराष्ट्रात.

हे तिन्ही विषाणू रक्त पिणारी बारीक चिलटे पसरवतात. ओल्या शेणमातीत ती वाढतात. आमच्याकडे संत्र्याच्या बागेचे ओलीत आणि गोठ्याचा उकिरडा शेजारी शेजारी असतात, त्यामुळे पोळ्यापासून दिवाळीपर्यंत संध्याकाळी जनावर सुखाने उभे राहत नाही. शेळीला साधा ताप येतो, कधी तोही नाही. पण ती गाभण असेल तर विषाणू वारेतून गर्भात शिरतो. मेंढीत साधारण 28 ते 56 दिवसांचा गर्भ सर्वात धोक्यात असतो. मेंदूच्या घडत्या पेशी मरतात, त्या जागी पाणी साचते. मज्जारज्जूतल्या पेशी गेल्या की स्नायूंना हुकूम पोचत नाही, पाय पोटातच हलायचे थांबतात आणि सांधे तसेच आखडतात. पिल्लू जन्मते तोवर विषाणू बहुधा निघून गेलेला असतो. दुखणे पावसाळ्यातले, दिसते हिवाळ्यात. म्हणून कुणाला संबंध लागत नाही.

आमची पहिली आणि सर्वात मोठी मागणी हीच, की अपंग जन्मलेल्या पिल्लाला रोगाचा पुरावा माना. चीक पाजण्याआधी त्याचे रक्त घ्या. त्यात प्रतिपिंडे सापडली तर ती पोटातच तयार झालेली, कारण आईची प्रतिपिंडे पिल्लाला चिकातूनच मिळतात. चीक पाजला की हा पुरावा गेला. त्यासाठी 1962 क्रमांकाच्या फिरत्या पथकाकडे नमुन्याच्या नळ्या असाव्यात, मेलेल्या पिल्लाचा मेंदू बर्फात पुण्याच्या रोग अन्वेषण विभागाकडे जावा आणि अहवाल मालकाच्या हाती पडावा. अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्थेने डिसेंबर ते फेब्रुवारीतल्या वेतांची पाहणी करावी.

निळ्या जिभेविरुद्धची निष्क्रिय लस देशात तयार होते. ती शेळ्या-मेंढ्या फळण्याआधी, पावसाळ्याच्या तोंडावर द्यावी. जिवंत लस गाभण जनावराला नको. कॅलिफोर्नियात 1950 च्या दशकात अशा लसीनेच कोकरांचे मेंदू बिघडले होते.

भरपाईबद्दल थोडक्यात. 2022 मध्ये लम्पीने दगावलेल्या वासरामागे शासनाने 16,000 रुपये दिले. आमचे करडूही कुणाचे तरी वर्षाचे उत्पन्न आहे. प्रयोगशाळेने विषाणू सिद्ध केल्यास मदत मिळावी.

निळी जीभ हा 2009 च्या केंद्रीय कायद्यातील अनुसूचित रोग आहे. संशय आला तरी कळवणे हे मालकाचे कर्तव्य त्यात सांगितले आहे. आम्ही कळवायला तयार आहोत. येत्या पोळ्याआधी नमुने घेणारा माणूस नेमून द्यावा, ही विनंती.

आपले,
शेळी-मेंढीपालक, शेंदूरजनाघाट, ता. वरूड