जुन्या पिकअप गाडीस नवे आरसे

माल वाहणाऱ्या गाड्यांच्या गोष्टी निघाल्या म्हणजे आपल्या शेतकरीवर्गांत बोलणें होतें तें इंजिनाचें, टायरांचें आणि डिझेलाच्या भावाचें. आरशाचा विषय कोणी काढीत नाहीं, आणि काढलाच तर तो हंसण्यावारी नेला जातो. परंतु दहा-पंधरा वर्षें राबलेली बोलेरो किंवा टाटा २०७ सारखी पिकअप ज्याच्या दारीं उभी आहे, त्यानें एकदां तिच्या आरशांकडे निरखून पाहावें. एका कांचेस तडा गेलेला, दुसऱ्या बाजूची दांडी तारेनें बांधलेली, कांचेच्या पाठीचा मुलामा सुटून काळे डाग पडलेले, अशी स्थिति पुष्कळ ठिकाणीं आढळते. हॉर्न मात्र नवा व कर्कश असतो! अशा गाडीस नव्या नमुन्याचे मोठे आरसे बसवावेत असें आमचें स्पष्ट मत आहे. मात्र तें काम कसें व कोठवर करावें यांत तारतम्य पाहिजे.

केबिनमधला मधला आरसा पिकअपला फारसा उपयोगी नाहीं. हौद्यांत कांद्याच्या गोण्या, टोमॅटोचे क्रेट किंवा कडब्याच्या पेंढ्या छपरापर्यंत रचल्या कीं मागची कांच बंद होते, आणि चालकास मागें पाहण्यास दोन बाजूंचे आरसेच काय ते उरतात. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. उजवी बाजू तो वेळप्रसंगीं मान बाहेर काढूनहि पाहूं शकेल. डावी बाजू मात्र त्यास सर्वस्वी आरशावर सोपवावी लागते. डावीकडूनच दुचाकीवाले घुसतात, आणि शाळेचीं मुलें सायकलीवरून जातात तींहि डाव्या कडेनेंच. असें असतां मोडका असतो तो बहुधा डावाच आरसा, कारण अरुंद वाटेनें जातांना बाभळीची फांदी त्यालाच लागते.

‘गाडींत फेरफार केल्यास दंड होईल’ अशी भीति कांहीं जण घालतात. ती अस्थानीं आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याचें ५२ वें कलम नोंदणीच्या दाखल्यांतील तपशिलाशीं विसंगत ठरेल असा फेरफार करण्यास मनाई करतें. आरशाचा आकार हा कांहीं त्या तपशिलांपैकीं नव्हे. उलट केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १२५ वा नियम असें सांगतो कीं, चालकास मागचें दिसेल असा आरसा वाहनास असलाच पाहिजे. तेव्हां आरसा बदलणाऱ्यापेक्षां तारेनें बांधून ठेवणारासच कायद्याचें भय अधिक.

आतां खरा विचार करण्याजोगा भाग म्हणजे कांच. नव्या आरशांची कांच बहुधा किंचित् फुगीर, म्हणजे बहिर्वक्र असते. तिच्यांत सपाट कांचेहून पुष्कळ अधिक रुंदीचा देखावा मावतो, हा तिचा गुण. पण मावतो तो लहान होऊन मावतो, आणि येथेंच धोका आहे. वक्रतेची त्रिज्या १.२ मीटर असलेली कांच चालकाच्या डोळ्यापासून ७० सेंटिमीटरांवर आहे असें धरून गणित केलें, तर २० मीटर मागें असलेला ट्रक सपाट कांचेंत दिसला असता त्याच्या निम्म्याहूनहि थोडा लहान दिसतो; म्हणजे तो ४० मीटरांहून दूर आहे असा भास होतो. डावा आरसा डोळ्यापासून अधिक लांब, सुमारें १ मीटर ३० सेंटिमीटर असतो. त्याच कांचेंत तेथें तोच ट्रक एक-तृतीयांश दिसेल, आणि चालक त्यास ६० मीटरांपलीकडे समजेल. ज्याची नजर वर्षानुवर्षें सपाट कांचेस सरावली आहे, असा मनुष्य अशा आरशाच्या भरंवशावर महामार्गावर गाडी बाजूस घेऊं लागला तर काय होईल तें सांगावयास नको. अमेरिकेंत चालकाच्या बाजूची कांच सपाटच असावी असा दंडक आहे, आणि पलीकडची कांच फुगीर असल्यास वस्तु दिसतात त्याहून जवळ आहेत अशी सूचना तिच्यावरच कोरलेली असते.

म्हणून आमचें मत असें कीं, जुन्या चालकाच्या जुन्या गाडीस उजवीकडे मोठी सपाट कांच ठेवून तिच्या कोपऱ्यांत लहानशी फुगीर कांच चिकटवावी, व डावीकडे पुरी फुगीर कांच घ्यावी. गाडी घरीं आणल्यावर एका गड्यास मागें वीस पावलांवर, मग चाळीस पावलांवर उभा करून तो दोन्ही आरशांत केवढा दिसतो हें ध्यानांत घ्यावें. या कामास खर्च कांहींच नाहीं; पण करतो कोण?

बसविण्याच्या कामांत आळस चालत नाहीं. आरसा जितका मोठा तितका वाऱ्याचा दाब व थरथर अधिक. १९११ सालीं अमेरिकेंत इंडियानापोलिस येथें झालेल्या ५०० मैलांच्या शर्यतींत इतरांनीं मागें पाहण्यासाठीं सोबती घेतला असतां रे हॅरून हा एकटाच बसला, त्यानें गाडीवर आरसा लावला आणि शर्यत जिंकली. परंतु विटांच्या त्या रस्त्यावर आरसा इतका हालत होता कीं त्यांत धड कांहीं दिसत नसे, अशी कबुली त्यानें मागाहून दिली. आमचे शिवाररस्ते त्या विटांहून बरे आहेत असें म्हणण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं.

जुन्या पुष्कळ गाड्यांचा आरसा दांडीवर असतो. नव्याचा पाया दाराच्या कांचेपुढील त्रिकोणी कोपऱ्यांत बसतो. भोकें जुळत नाहींत, मग गॅरेजवाला दिसेल तेथें ड्रिल चालवितो. तसें करूं देऊं नये. प्रथम दाराची कांच पूर्ण खालीं-वर करून तिची वाट कोठून जाते तें पाहावें, नाहीं तर बोल्टाचें टोंक तिला घासतें. दाराचा पत्रा पातळ असतो. म्हणून आंतून पोलादी पट्टी देऊन बोल्टाचा भार तिच्यावर घ्यावा, नुसत्या वायसरवर विसंबूं नये. बाहेरून पाया व पत्रा यांमध्यें रबर घालावें आणि भोकांच्या कडांस रेड ऑक्साइड लावावें; एका पावसाळ्यांत गंज कोठवर जातो हें नांगराच्या फाळावरून आपण जाणतोंच. आरसा वेल्डिंगनें कायमचा जखडणें तर सर्वथैव वाईट. धक्का लागतांच तो दुमडला पाहिजे, नाहींतर तो धक्का वाटसरूच्या डोक्यास बसतो.

विजेवर फिरणारे व आंत इंडिकेटर असलेले आरसे जुन्या गाडीस घेण्याच्या भरीस पडूं नये. त्यांच्या तारा दाराच्या बिजागरीजवळून न्याव्या लागतात, तेथें दार उघडतां-मिटतां त्या तुटतात, आणि जुन्या वायरिंगला नवा जोड म्हणजे फ्यूज जाण्यास निमंत्रण. हातानें फिरणारा आरसा दहा वर्षें तक्रार करीत नाहीं.

आरशाचा कोन लावण्याविषयीं मोटारवाल्यांस असा उपदेश केला जातो कीं, आपली स्वतःची गाडी दिसेनाशी होईपर्यंत आरसे बाहेर वळवावेत. मधला आरसा मोकळा असलेल्या मोटारीस तो योग्य आहे. भरलेल्या पिकअपला नाहीं. येथें हौद्याची कड आरशांत बारीक पट्टीएवढी दिसलीच पाहिजे. हौदा केबिनहून रुंद असेल तर आरसाहि तितका बाहेर काढावा लागतो. शिवाय माल भरल्यावर मागचे पाटे दबून गाडीचें नाक वर होतें, त्यामुळें आरशांत रस्ताच रस्ता दिसूं लागतो व मागची वाहनें वर सरकून जातात. रिकाम्या गाडीवर लावलेला कोन भरल्या गाडीवर पुन्हां पाहावा.

आरसे कितीहि चांगले असले तरी फाळक्याच्या लगत मागें काय आहे तें त्यांत दिसत नाहीं, हें मात्र विसरूं नये. खळ्यांत किंवा अंगणांत गाडी मागें घेतांना तेथें लहान मूल बसलेलें असूं शकतें. अशा वेळीं एका माणसानें मागें उभें राहून हांक दिलीच पाहिजे, आणि त्याची हांक ऐकूं यावी म्हणून गाण्याचें यंत्र बंद करावें.

गळिताच्या हंगामांत ऊंस ओढणारे ट्रॅक्टर हा याहून बिकट प्रश्न आहे. मागें दोन-दोन ट्रॉल्या, त्यांबाहेर आलेलीं उंसाचीं टोंकें, चालकाच्या कानांत गाणें, आणि आरसा एकहि नाहीं, असें दृश्य पुष्कळदां पाहावयास मिळतें. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर लांब दांडीचा आरसा गांवचा वेल्डरहि बसवूं शकेल. आपल्या संघानें हंगामापूर्वीं एक दिवस ठरवून सभासदांच्या पिकअप व ट्रॅक्टर एके ठिकाणीं उभ्या कराव्यात, एका नमुन्याच्या दांड्या घाऊक करवून घ्याव्यात व त्या जागेवरच बसवून द्याव्यात. डावी बाजू आधीं घ्यावी.