आपण बोलतो ‘आवण’, फोन लिहितो ‘आव्हान’! बोलून लिहिण्याच्या सोयीवर किती विसंबायचं?

वडगाव मावळ : गेल्या लावणीतली गोष्ट. हात चिखलानं भरलेले, बांधावर उभं राहून पॉवर टिलरवाल्याला मेसेज करायचा होता. माईकचं बटण दाबलं आणि बोललो, “राबातलं आवण काढून झालंय, उद्या चिखलणीला ये.” फोननं लिहिलं, “रागातलं आव्हान काढून झालंय.” मी न वाचताच पाठवलं. त्याचा लगेच फोन आला, “दादा, कुणाशी भांडण झालं का?”

आम्ही दोघंही हसलो. पण नंतर मनात आलं, हेच औषधाच्या मात्रेत झालं असतं तर?

मराठीत बोलून लिहिण्याची सोय गूगलनं ऑगस्ट २०१७ मध्ये आणली. नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपनं आलेला व्हॉइस मेसेज अक्षरात दाखवण्याची सोय जाहीर केली. केंद्र सरकारचा ‘भाषिणी’ प्रकल्प जुलै २०२२ पासून सुरू आहे. २०२५ च्या खरिपाच्या तोंडावर राज्याच्या कृषी विभागानं ‘महाविस्तार’ अ‍ॅप आणलं. त्यात शेतीचे प्रश्न मराठीत विचारता येतात. म्हणजे यापुढं शेतकऱ्याचं बोलणं आधी मशीन ऐकणार. ते चुकीचं ऐकलं तर उत्तरही चुकीचंच येणार.

सोय चांगली आहे, यात वाद नाही. ज्या आजीला टाइप करता येत नाही ती बोलून मेसेज पाठवते. ज्याला कमी ऐकू येतं तो व्हॉइस मेसेज वाचू शकतो. मग चूक कुठं होते?

मशीनला अर्थ कळत नाही. हजारो तासांचं रेकॉर्ड केलेलं बोलणं आणि त्याचं लेखी रूप त्याला आधी शिकवलेलं असतं. आपण बोललो की त्या साठ्यातला सगळ्यात जवळचा वाटणारा शब्द ते लिहून मोकळं होतं. ‘आव्हान’ बातम्यांत, भाषणांत रोज येतो. ‘आवण’ येतो फक्त आपल्या खाचरात. नवीन माणसाला शब्द कळला नाही तर तो “काय म्हणालात?” असं विचारतो. मशीन सहसा विचारत नाही. चुकीचा शब्दही ते स्वच्छ अक्षरात लिहितं, म्हणून तो खरा वाटतो.

फोन कॉलवर अडचण आणखी वाढते. साध्या कॉलमध्ये आवाजाचा साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. ‘स’, ‘फ’ यांसारख्या अक्षरांचा बराचसा आवाज त्याच्या वर असतो, तो कापला जातो. त्यात आंदर मावळात किंवा पवन मावळात पत्र्यावर पाऊस कोसळत असेल, रेंज तुटत असेल, तर माणसालाही नीट ऐकू येत नाही. तिथं मशीनचं काय?

यावर उपाय एकच, आपली बोली त्या साठ्यात जायला हवी. भाषिणीच्या ‘भाषादान’मध्ये कुणालाही आवाज देता येतो. पण तिथल्या ‘बोलो इंडिया’त समोर आलेलं वाक्य वाचायचं असतं. वाक्य त्यांचं, उच्चार आपला. आपली ढब त्यात जाईल, पण राब, आवण, चिखलणी हे शब्द त्या वाक्यांत नसले तर कसे जाणार?

जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं शेतीतल्या एआयचं धोरण मंजूर केलं. पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटींची तरतूद सांगितली गेली. त्यातला थोडा पैसा तालुक्यातालुक्यातलं शेतकऱ्यांचं बोलणं त्यांच्या संमतीनं रेकॉर्ड करण्यावर खर्च व्हायला पाहिजे. मावळात त्याची सुरुवात अवघड नाही. इंद्रायणी भाताचा वाण ज्या वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात तयार झाला, तिथं आपल्या भातशेतीचे शब्द नव्यानं समजावून सांगावे लागणार नाहीत. ग्रामसभेत हा विषय मांडायला काय हरकत आहे?

तोपर्यंत काळजी आपणच घ्यायची. बोलून लिहिलेला मेसेज पाठवण्याआधी एकदा वाचा. आकडे दोनदा तपासा. ‘सव्वाशे’ऐवजी ‘एकशे पंचवीस’ म्हणा, गट नंबर एकेक आकडा सुटा बोला. फवारणीची मात्रा मेसेजवरून ठरवू नका, डब्यावरची चिठ्ठी वाचा. शंका असेल तर किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या नंबरवर माणसाशी बोला. ओटीपी आणि बँकेची माहिती माईकवर बोलूच नका, कारण आपला आवाज बऱ्याचदा फोनबाहेर कंपनीच्या सर्व्हरवर जातो.

आणि व्यवहाराचा व्हॉइस मेसेज आला असेल तर अक्षरं वाचून तो डिलीट करू नका. दर किती ठरला, गाडी कधी येणार, यावरून उद्या वाद झाला तर समोरचा काय बोलला ते त्या आवाजातच सापडेल. अक्षरं मशीननं लिहिलेली असतात, आवाज माणसाचा असतो.