कांद्याचा ढीग का रडवत नाही?

बालमित्रांनो, साक्री तालुक्यातल्या पिंपळनेरला कांद्याचा लिलाव चालतो, तेव्हा एकदा बाजारात जाऊन बघा. ट्रॅक्टरच्या ट्रॅक्टर कांदा आलेला असतो. हमाल ढिगात उभे असतात, व्यापारी ओंजळीत कांदे घेऊन पारखतात. पण कांद्यामुळे कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. (भाव पडल्यावर येतं ते पाणी वेगळं!) आणि घरी? एकच कांदा चिरायला घ्या, चिरणारा तर रडतोच, शेजारी अभ्यासाला बसलेलाही नाक ओढू लागतो.

एका कांद्याला जे जमतं, ते एवढ्या मोठ्या ढिगाला का जमत नाही? कारण सोपं आहे. ढिगातला कांदा अख्खा असतो.

कांद्याच्या पेशीत वेगवेगळे कप्पे असतात. एका कप्प्यात गंधक असलेला एक पदार्थ असतो. दुसऱ्या कप्प्यात त्या पदार्थाला तोडणारा एक कारागीर बंद करून ठेवलेला असतो. त्याचं नाव ॲलिनेज. कांदा अख्खा आहे तोवर दोघांची गाठ पडत नाही. सुरी फिरली की कप्प्यांच्या भिंती फुटतात आणि ॲलिनेज कामाला लागतं. त्याने तोडलेला तुकडा दुसरा कारागीर हातात घेतो आणि त्याचा झोंबणारा वायू बनवतो. हा वायू डोळ्यांपर्यंत पोचला की डोळे चुरचुरतात आणि तो धुऊन टाकायला पाणी सोडतात. झालं, आपण रडलो!

गंमत म्हणजे हा दुसरा कारागीर असतो हेच बरीच वर्षं कुणाला माहीत नव्हतं. जपानी शास्त्रज्ञांनी तो २००२ साली शोधून काढला. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला ‘इग नोबेल’ नावाचं गमतीदार पारितोषिक देतात. २०१३ साली ते या शास्त्रज्ञांना मिळालं.

अशा कारागिरांना विकर म्हणतात. एन्झाइम हे नावही तुम्ही ऐकलं असेल. बहुतेक विकरं ही प्रथिनं असतात. काम झपाट्याने उरकतात आणि काम झाल्यावर स्वतः जशीच्या तशी उरतात, पुढच्या कामाला मोकळी! पण प्रत्येकाचं काम ठरलेलं. एमिल फिशर या जर्मन शास्त्रज्ञाने १८९४ मध्ये त्यासाठी कुलूप-किल्लीचा दाखला दिला. विकर म्हणजे कुलूप. त्याच्या खाचेत जी किल्ली बसेल, त्याच पदार्थावर ते काम करणार. सगळी जादू आकाराची आहे. आकार बिघडला की काम थांबलं.

आता हे स्वतः करून बघा. सारख्या आकाराचे तीन कांदे घ्या. एक तसाच ठेवा. दुसरा तासभर फ्रीजमध्ये किंवा बर्फाच्या पाण्यात ठेवा. तिसरा मोठ्यांच्या मदतीने उकळत्या पाण्यात आतपर्यंत शिजवून गार करा. मग तिन्ही चिरा. पहिला रडवेल. दुसरा कमी रडवेल, कारण थंडीत विकर सुस्तावतं आणि वायूही कमी उडतो. पण विकर मेलेलं नसतं, ऊब मिळाली की पुन्हा कामाला लागतं. तिसरा मुळीच रडवणार नाही. अंडं उकडल्यावर पांढरा बलक पुन्हा पातळ होतो का? नाही ना! तसंच शिजलेल्या विकराचा आकार कायमचा मोडतो. आपल्या खानदेशी काळ्या मसाल्यासाठी भाजलेला कांदा वाटताना डोळे का झोंबत नाहीत, ते आता तुम्हीच सांगा.

कमी-जास्त उष्णतेसारखाच आंबटपणाचाही विकरांवर परिणाम होतो. भाकरीचा घास खूप वेळ चावला की गोडसर लागतो. लाळेतलं अमायलेज पिठूळ पदार्थाची साखर करतं म्हणून. पण घास पोटात उतरला की तिथल्या आम्लात अमायलेज थंडावतं. आणि तिथलंच पेप्सिन मात्र त्या आम्लातच नीट काम करतं. एकाला मानवतं ते दुसऱ्याला मानवत नाही.

मित्रांनो, विकराला थांबवणारी आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आपल्या शेतात येते. आज मुख्यतः तीच सांगायची आहे.

तुम्ही हात हलवता तेव्हा मज्जातंतू स्नायूला निरोप देतो. तो निरोप नेणारा पदार्थ म्हणजे ॲसिटिलकोलीन. निरोप पोचल्यावर तो लगेच पुसावा लागतो, नाहीतर ‘हल, हल’ हा हुकूम चालूच राहील. हे पुसण्याचं काम एक विकर करतं, तेही सेकंदाला हजारो रेणू तोडून. कपाशीवर आणि कांद्यावर फवारतात त्यांपैकी काही कीटकनाशकं याच विकराच्या खाचेत जाऊन बसतात. किल्ली कुलपात मोडून अडकावी तशी! मग निरोप पुसले जात नाहीत. कीड मरते ती यामुळेच. पण हेच विकर आपल्याही शरीरात आहे. औषध कातडीवाटे, श्वासावाटे आत गेलं की डोळ्यांतून पाणी, तोंडाला लाळ, दरदरून घाम, मळमळ, पोटात कळ सुरू होते. बाहुल्या बारीक होतात, स्नायू थरथरतात, आणि शेवटी श्वास अडकतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तिथे फवारलेल्या औषधांत या गटातली औषधंही होती.

म्हणजे बघा, कांदा चिरताना पाणी येतं ते विकर काम करतं म्हणून. आणि फवारणीनंतर येतं ते विकर बंद पडलं म्हणून! पहिलं दहा मिनिटांत थांबतं. दुसऱ्याकडे ‘ऊन लागलं असेल’ म्हणून दुर्लक्ष करू नका.

बाबा, काका फवारून आले आणि अशी लक्षणं दिसली तर मोठ्यांना लगेच हाक मारा. त्या माणसाला शेतातून बाजूला, मोकळ्या हवेत आणायचं. भिजलेले कपडे काढून अंग साबणाने भरपूर धुवायचं, पण धुणाऱ्याने हातात मोजे किंवा प्लास्टिकच्या पिशव्या घालायच्या. मुद्दाम उलटी करवायची नाही. १०८ ला फोन करायचा आणि औषधाची बाटली किंवा तिच्यावरचं लेबल दवाखान्यात सोबत न्यायचं. कारण अडकलेली ‘किल्ली’ कोणती, हे कळलं तर डॉक्टरांना उपचार ठरवता येतात. ती किल्ली काढणारं औषधही असतं, पण उशीर झाला की ती घट्ट बसते. म्हणून वेळ महत्त्वाचा.

या आठवड्याचा गृहपाठ : घरातल्या कीटकनाशकाच्या डब्यावरचा रंगीत त्रिकोण मोठ्यांना दाखवायला सांगा. डब्याला हात लावू नका, लांबूनच बघा. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. वाऱ्याच्या उलट फवारू नये, तुंबलेलं नोझल तोंडाने फुंकू नये आणि रिकामा डबा पाण्याला वापरू नये, एवढं बाबांना नक्की सांगा.

आणि हो, तीन कांद्यांचं काय झालं तेही लिहून कळवा. रडलात तर किती, तेसुद्धा!