सतराची मुलगी, एकोणिसाचा मुलगा आणि गावाची घाई



मी शेती खात्याचा माणूस. बियाणे, खते, फवारणी यावर मी बोलावे आणि कायद्याच्या गोष्टी वकिलांनी सांगाव्यात, असे आपण म्हणाल. खरे आहे. पण गावातली बैठक संपल्यावर जो माणूस मागे रेंगाळतो, त्याचा प्रश्न नेहमी पिकाचाच असतो असे नाही.

मागच्या उन्हाळ्यात एका गावात सोयाबीनच्या उगवण चाचणीची बैठक होती. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडून दाखवले, सत्तर उगवले तर बियाणे पेरायला चालते, हे सांगून झाले. सगळे उठले. एक कोरडवाहू शेतकरी तेवढा बसून राहिला. दिवाळीनंतर नवराबायको दोघेही ऊसतोडीला जातात, मुलगी आजीपाशी राहून अकरावी शिकते. म्हणाला, "साहेब, पोरगी सतराची हाय. तिच्याच शाळेत दोन वर्सं पुढं असलेल्या एका पोरासंगं तिचं बोलणं हाय म्हणत्यात. पोरगं एकोणीसचं. स्थळ बघितलंय, अक्षय तृतीयेला उरकून टाकतो. न्हाईतर त्या पोरावर केस करतो. तुम्हीच सांगा."

मी म्हणालो, "काका, दोन्ही करू नका. आधी नीट ऐकून घ्या." त्यांना जे सांगितले तेच आज इथे लिहितो, कारण असे वडील प्रत्येक गावात आहेत.

पहिली गोष्ट कायद्याची. १४ नोव्हेंबर २०१२ पासून पोक्सो कायदा लागू आहे. त्यात अठरा वर्षांच्या आतील मुलगा असो की मुलगी, तो बालक. बालकाने दिलेली संमती कायदा धरत नाही. मुलगी मर्जीने गेली असली, तरी शरीरसंबंध आला की तो गुन्हा ठरतो. मुलगी सोळा ते अठराच्या दरम्यान असेल तर मुलाला किमान दहा वर्षे शिक्षा, सोळाच्या आतली असेल तर किमान वीस. त्यातून दिवस राहिले तर मुलगी सतराची असली तरी किमान वीस. मुलगा एकोणीसचा की चाळीसचा, हा फरक कायदा करीत नाही. दोघांत एवढेच अंतर आहे म्हणून सोडा, अशी सोय आपल्याकडे नाही. मुलगाही अठराच्या आतला असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते, पण जाते हे नक्की.

मात्र हेही ध्यानात घ्या की नुसते बोलणे, ओळख असणे, वही देणे-घेणे हा गुन्हा नाही. काकांच्या मुलीच्या बाबतीत तेवढेच होते. बोलण्यावर केस करायची म्हणजे जबाबात नसलेले घालावे लागते. मग मुलीची वैद्यकीय तपासणी, कोर्टाच्या तारखा, गावभर चर्चा. मुलगा तुरुंगात, मुलगी शाळेबाहेर. खोट्यावर उभी केलेली केस कोर्टात टिकत नाही आणि तोवर दोन्ही घरे शेत विकून बसतात.

दुसरी गोष्ट लग्नाची. बहुतेकांना वाटते की अक्षता पडल्या म्हणजे प्रकरण मिटले. मिटत नाही, वाढते. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याने मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस पूर्ण पाहिजेत. अठरावरच्या नवरदेवाने अठराच्या आतल्या मुलीशी लग्न केले तर दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. लग्न लावणारा भटजी, जमवणारा मध्यस्थ, लावून देणारे आईबाप यांनाही कायदा सोडत नाही. शिवाय ऑक्टोबर २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केले की अठराच्या आतल्या पत्नीशी संबंध हाही बलात्कारच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तेच वय आहे. म्हणजे घाईत आणलेला जावई वर्षभरात बायकोला दवाखान्यात घेऊन गेला, तिथे वय विचारले, की पोलिसांना कळवले जाते. त्या पोरावर टाकायची केस आपण आपल्याच जावयावर ओढून घेतली, असे होते.

तरी लग्ने होतात. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या शंभर बायकांपैकी जवळजवळ बावीस जणींचे लग्न अठराच्या आत झालेले होते. कारणे आपल्याला ठाऊक आहेत. सहा महिने कारखान्यावर जायचे, तरण्या पोरीला कोणाच्या भरवशावर ठेवायचे? मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. लग्न लावले की एक कोयता वाढतो. ही अडचण खरी आहे, मी तिला नावे ठेवत नाही. पण अडचण सहा महिन्यांची आणि तिची किंमत पोरीच्या आयुष्याची, हा हिशोब जुळत नाही.

काही मंडळी म्हणतात, अठरा हे वय सरकारने कुठून तरी आणले, पूर्वी असे नव्हते. पूर्वी कसे होते ते पाहा. १८६० च्या दंड संहितेत ही मर्यादा दहा वर्षांची होती. १८९१ साली ती बारा करायची म्हटले तर पुण्या-मुंबईत केवढा गदारोळ झाला. परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, असे लोकमान्य टिळकांचे म्हणणे होते, तर आगरकर सुधारणेच्या बाजूने उभे होते. त्याआधी रखमाबाईंनी लहानपणी लावलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे जायला नकार दिला, प्रसंगी तुरुंगात जाईन म्हणाल्या, आणि पुढे डॉक्टर झाल्या. दहाचे बारा, मग चौदा, मग सोळा, आता अठरा. प्रत्येक पायरीला विरोध झाला आणि आज त्यातली कुठलीही पायरी मागे यावी असे कोणी शहाणा म्हणणार नाही.

माझे मत विचाराल तर अठराची रेघ राहू द्यावी. ती गेली तर पहिला फायदा पोरीपेक्षा वीस वर्षांनी मोठ्या माणसाला होईल, शाळकरी पोरांना नाही. पण सतरा आणि एकोणीसचे आपसातले प्रकरण आणि चाळिशीतल्या माणसाने पोरीला फसवणे, हे एकाच मापाने मोजणेही बरोबर नाही. विधी आयोगाने सप्टेंबर २०२३ च्या अहवालात हेच म्हटले आहे: वय कमी करू नये, पण सोळा ते अठरामधल्या अशा प्रकरणात शिक्षा ठरवताना न्यायाधीशाला मोकळीक असावी. ही शिफारस कायद्यात यावी असे मला वाटते.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. गावाने काय करायचे? आठवी-नववीपासून मुला-मुली दोघांनाही अठराचा नियम शाळेत उघड सांगावा. लाजण्यासारखे त्यात काही नाही. औषधाच्या डब्यावरचा लाल त्रिकोण आपण लाजून झाकत नाही. ग्रामीण भागात ग्रामसेवक हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत आणि अंगणवाडी ताई त्यांच्या मदतनीस. त्यांना लग्नपत्रिका देताना नव्हे, स्थळ बघतानाच विचारा. ग्रामपंचायतीने ऊसतोड घरांतल्या मुलींची यादी हंगामाआधी करावी आणि वसतिगृहात सोय पाहावी.

आणि जिथे जबरदस्ती आहे, फूस आहे, वयाने कितीतरी मोठा माणूस आहे, तिथे अब्रूच्या भीतीने झाकू नका. पोलिसांत जा, नाहीतर १०९८ वर फोन करा. अशी गोष्ट ठाऊक असून न कळवणे हाही पोक्सोत गुन्हा आहे. मुलीला दिवस गेले असतील तर गावठी उपाय करू नका, सरकारी दवाखान्यात न्या. मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिचे नाव दिलेच पाहिजे असे नाही, असे सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितले आहे.

एक शेवटचे. आमच्या वडिलांच्या पिढीत अर्धे गाव १ जूनला जन्मले, कारण शाळेत गुरुजींनी तीच तारीख टाकली. वय ठरवताना कायदा तोंडी सांगितलेले मानत नाही, आधी शाळेचा नाहीतर जन्माचा दाखला पाहतो. आपल्या लेकरांचे दाखले आजच काढून पाहा.

काकांनी स्थळाला नाही म्हणून कळवले. मुलाच्या बापाला घरी बोलावून दोघे बोलले, भांडण न करता. मुलगा आयटीआयला गेला. हंगामात मुलगी तालुक्याला वसतिगृहात राहिली आणि फेब्रुवारीत बारावीच्या परीक्षेला बसली. पुढे त्या दोघांचे काय होईल, ते अठरा आणि एकवीस पूर्ण झाल्यावर त्यांनीच ठरवावे. तोवर थांबायला पैसा लागत नाही, फक्त धीर लागतो.