केसभर फटीचा सूर

वैशाखातली टळटळीत दुपार टळून गेली आहे. तळोद्याच्या किंवा शहाद्याच्या पेठेतून वरात निघाली आहे. नवरदेव घोड्यावर घामाने निथळतो आहे आणि पुढे लाल कोटातले बँडवाले तितक्याच घामात वाजवत आहेत. ढोल घुमतो आहे, ट्रंपेट चढतो आहे, आणि ऐन रंगात आलेल्या गाण्याच्या वरच्या सुरावर क्लॅरिओनेट एकदम ‘चीं’ करून किंचाळते. पोरे खो-खो हसतात. वऱ्हाडातले एखादे मामा म्हणतात, “अरे, याला वाजवता तरी येते का?” बँडमास्तर मान वळवून बघतो. वाजवणारा खाली मान घालून तोंडातली पत्ती काढतो, पुसतो, पुन्हा बसवतो. पुढच्या चौकात पुन्हा ‘चीं’.

तुम्ही-आम्ही सगळेच कधी ना कधी हसलो आहोत. पण त्या किंचाळण्यातला निम्म्याहून अधिक दोष वाजवणाऱ्याचा नसतो, हे हसताना आपल्याला ठाऊक नसते. खेदाची गोष्ट अशी, की पुष्कळदा त्यालाही ते ठाऊक नसते. दोष असतो त्याच्या ओठांत धरलेल्या बोटभर काळ्या तुकड्याचा. त्याला सगळे माऊथपीस म्हणतात.

हा तुकडा नीट पाहिला तर अगदी साधा दिसतो. एका बाजूला सपाट बैठक, तिच्यावर पातळ पत्ती पट्ट्याने आवळलेली. बैठकीच्या पुढे एक लांबट खिडकी, खिडकीच्या दोन्ही अंगांना दोन बारीक कडा आणि पुढे टोक. गंमत या कडांमध्ये आहे. बैठक संपली की त्या पत्तीपासून हळूहळू दूर वळत जातात. हे वळण क्लॅरिओनेटमध्ये पंधरा-वीस मिलिमीटर लांबीचे असते आणि टोकाशी पोचेपर्यंत पत्ती व माऊथपीस यांच्यात साधारण एक मिलिमीटरची फट पडते. आल्टो सॅक्सोफोनमध्ये ती दीड ते दोन मिलिमीटर किंवा थोडी जास्त असते. वादक फुंकतो तेव्हा पत्ती या वळणावर लोळण घेत जाऊन फट मिटवते आणि लगेच परत उघडते. सेकंदाला ४४० कंपनांचा सूर लावायचा तर ही फट सेकंदाला ४४० वेळा उघडमीट करते. पत्तीने दोन्ही कडांवर एकाच वेळी टेकायला हवे. एक कड दुसरीपेक्षा माणसाच्या केसाच्या जाडीइतकी खाली गेली, तरी पत्ती एका बाजूने आधी टेकते, दुसरीकडून हवा निसटते आणि सुराऐवजी किंकाळी निघते.

केसाच्या जाडीचा हा हिशेब बिघडायला फार काही लागत नाही. जुने चांगले माऊथपीस एबोनाइटचे असते. एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेले रबर. घरात आजोबांचे जाडजूड काळे शाईचे पेन असेल, तर एबोनाइट काय चीज आहे ते तुम्हाला हातानेच कळेल. राजमहेंद्रीची प्रसिद्ध रत्नम पेने याच पदार्थाची. लाकडासारखे ते कातता येते, घासता येते, चकाकीही येते. पण उष्णतेपुढे ते हट्ट सोडते. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात मार्च-एप्रिलपासूनच पारा चाळिशीपार जातो आणि लग्नसराईही तेव्हाच ऐन भरात असते. बँडची गाडी उन्हात उभी आणि पेटी तिच्या टपावर. शिवाय पत्ती हलू नये म्हणून पट्ट्याचे स्क्रू वर्षानुवर्षे गच्च आवळलेले. बैठक मधोमध खोलगट होते किंवा पीळ धरते. कुणी स्वच्छतेच्या हौसेने गरम पाण्यात धुतो; मग तो काळा तुकडा हिरवट-तपकिरी पडतो, तोंडाला गंधकाची चव लागते, आणि वाकतो तो निराळाच. कधी हातातून निसटून टोकाचा कपचा उडतो. वरच्या बाजूला दातांनी खड्डे पडतात. हे सारे इतके सावकाश होते, की कोणत्या दिवशी वाद्य बिघडले असे सांगता येत नाही.

मग वादक काय करतो? तो पत्तीला दोष देतो. पत्ती बदलतो, दुसरी बदलतो, अडीच नंबरची सोडून तीन नंबरची घेतो. जास्त कडक पत्तीला जास्त दम लागतो, म्हणून खालचा ओठ दातांवर अधिक दाबतो. चार तासांची वरात संपेपर्यंत ओठ आतून सोललेला असतो. पत्त्यांवर असा हंगामभर खर्च होतो आणि दुखणे मात्र पत्तीच्या खाली तसेच बसून असते. नवे चांगले माऊथपीस घ्यावे तर नामांकित परदेशी कंपन्यांची किंमत हजारांत. ती हंगामी मजुरीवर जगणाऱ्याला पेलत नाही. स्वस्त प्लॅस्टिकचे घ्यावे, तर ते कारखान्यातूनच वाकड्या कडांचे आलेले नसेल याची खात्री नाही.

खरे तर या दुखण्याला औषध आहे आणि त्याची सामग्री ऐकली तर हसू येईल. आरशासाठी वापरतात तशी जाड, सपाट काच. चारशे आणि सहाशे नंबरचा वॉटर पेपर. प्रखर दिवा. बारीक रेघा आखलेली काचेची पट्टी. आणि मोटार गॅरेजमध्ये टॅपेटची फट मोजायला वापरतात ते फिलर गेज, म्हणजे पोलादी पात्यांचा जुडगा. आधी बैठक काचेवर ठेवून उजेडाकडे धरायची. उजेड जिथून झिरपतो तिथे ती खोलगट. काचेवर ओला कागद पसरून सरळ चार-सहा हात मारायचे, थांबायचे, पुन्हा बघायचे. मग पाते कडांखाली सरकवून डावीकडे ते किती आत जाते, उजवीकडे किती, हे पट्टीवर वाचायचे आणि कागदावर लिहायचे. जी कड उंच, तिलाच हलका स्पर्श. टोकाला हात सर्वांत शेवटी. कपचा उडाला असेल तर एबोनाइटचा भुगा आणि चटकन चिकटणारा गोंद यांनी तो भरून पुन्हा आकार देता येतो. घासायचे ते ओलेच, कारण ती गंधकाची धूळ छातीत जाणे बरे नव्हे.

यात एकच मोठी अडचण आहे. घासून काढलेले परत घालता येत नाही. बैठक जास्त घासली तर टोकाची फट मिटते, टोक जास्त घासले तर फट फाकते आणि वाद्य दमच खाऊन टाकते. पाच मिनिटांच्या उत्साहात चांगले माऊथपीस कायमचे निकामी करणारे हौशी कारागीर जगभर आहेत. म्हणूनच हे काम शिकून करायचे आहे, ऐकीव माहितीवर नव्हे.

शिकवणार कोण, असे कुणी विचारील. आमचा जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. त्याच्याविषयी बोलताना ‘मागास’ हे विशेषण न चुकता येते. पण या कामापुरते बघितले तर दोन कौशल्ये इथे आधीच हजर आहेत आणि त्यांची एकमेकांशी ओळख नाही. पहिले आयटीआयमधल्या फिटरचे. सपाटी तपासणे, फिलर गेज लावणे, थोडे घासून पुन्हा मोजणे हा त्याच्या शिक्षणाचा पायाच आहे. दुसरे कौशल्य डोंगरात आहे.

नवापूर तालुक्यापासून साक्री, डांग, सुरगाण्यापर्यंतच्या कोकणा वस्त्यांत पावरी वाजते. (पावरा समाजाची बोलीही पावरीच म्हणवते, ती गोष्ट वेगळी.) मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाच्या उत्सवात तिच्या सुरावर रात्र-रात्र नाच चालतो. वाळवलेला भोपळा, त्यात मेणाने बसवलेल्या बांबूच्या नळ्या आणि आत बांबूचीच चिरून काढलेली जीभ, अशी तिची रचना. ती जीभ म्हणजे क्लॅरिओनेटच्या पत्तीची सख्खी बहीण: एकच पाते, फटीवर आपटणारे. जीभ फार मिटत असेल तर तिच्याखाली केस किंवा धागा सरकवून फट उघडायची, तिच्यावर मेणाचा ठिपका लावून सूर उतरवायचा, या युक्त्या अशा एकपाती वाद्यांत इजिप्तपासून आपल्या पुंगीपर्यंत चालत आल्या आहेत. न्यूरेंबर्गच्या योहान डेनरने इसवी सन १७०० च्या सुमारास क्लॅरिओनेट घडवले आणि बेल्जियन अडॉल्फ साक्सने १८४६ मध्ये पॅरिसला सॅक्सोफोनचे पेटंट घेतले, तेव्हा दोघेही याच जुन्या विद्येत भर घालत होते. पावरी करणाऱ्या माणसाला आपण ‘लोककलावंत’ म्हणून मंचावर शाल देतो. जिभेखालची फट त्याला बोटांनी आणि कानाने कळते, हे तंत्रज्ञान आहे असे मात्र आपल्या मनात येत नाही.

“बँडच उरले नाहीत, तर माऊथपीस कशाला दुरुस्त करायचे?” हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. सजवलेल्या गाडीवर कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि भोंग्यांची भिंत आली की दहा फुंकणाऱ्यांचे काम दोन माणसे करतात, हे खरे आहे. पण बँडवाले मागे पडले ते केवळ यंत्रामुळे, हे मला पटत नाही. यंत्र किंचाळत नाही, म्हणजे बेसूर होत नाही. आवाजाने कान फोडते ते वेगळे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. वरात दारावरून जाते तेव्हा ती कुठे जाते ते आपण जाणतो. झोळीतले बाळ आणि हृदयरोगी आजोबा ज्या घरात आहेत, त्या घराला फुंकीचे वाद्य परवडते. मात्र ते सुरात हवे. ‘अलबेला’ (१९५१) मध्ये पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी पाश्चात्त्य वाद्यमेळ घराघरांत नेला, मास्टर इब्राहिम यांच्या क्लॅरिओनेटच्या तबकड्या लोकांनी झिजेपर्यंत ऐकल्या. ती वाद्ये आणि वरातीतली वाद्ये जातीने एकच. फरक पडतो तो देखभालीचा.

आणि वाजवणाऱ्याकडे बघण्याचाही. पिढीजात वाजंत्र्यांची ही घरे बहुतेक दलित आणि मुसलमान वस्त्यांतली. नवरदेवापुढे चालायचे, पण पंगतीला शेवटी बसायचे, हा अनुभव त्यांना नवा नाही. हत्यार बिघडलेले असताना अंगचा गुण गेला असे ऐकून घेणे, ही त्यात आणखी एक भर. सुताराचा रंधा बोथट झाला तर आपण सुताराला अडाणी म्हणत नाही.

चातुर्मासात लग्ने थांबतात. बँडचे कोट घड्या होऊन ट्रंकेत जातात, वाद्ये कापडात गुंडाळून खुंटीला लागतात आणि वादक मजुरीला जातात. हेच चार महिने या कामाचे आहेत. एखाद्या आयटीआयने रविवारी आपली एक खोली उघडावी. टेबलावर काच, दिवा, पाण्याची वाटी. एका बाजूला फिटरचा शिक्षक, दुसरीकडे नवापूरकडचा पावरी करणारा, दोघांनाही मानधन. परगावचा जाणता दुरुस्तीकार पहिल्या खेपेला आठवडाभर बोलवावा. सुरुवातीला फक्त फुटकी, टाकाऊ माऊथपीस घासायला द्यावीत, म्हणजे हात चुकला तरी कुणाची रोजी बुडणार नाही. खर्च म्हणाल, तर एका वरातीच्या फटाक्यांइतका. बँडमालकांनी वर्गणी काढली तरी भागेल. नगरपालिकेने दिला तर अधिक बरे. तुळशीचे लग्न लागेपर्यंत पहिली दहा-बारा माऊथपीस तयार होतील.